हात आणि उपयंत्रे

काशीच्या पंचगंगा घाटालगत लक्ष्मणबाला घाटाच्या पायऱ्या चढून वर गेले की अरुंद गल्लीत मंगला गौरीचे देऊळ लागते. हा परिसर मराठी माणसाला परका नाही. जवळच्या बिंदुमाधवाचे आजचे देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधविलेले. ब्रह्मघाट आणि दुर्गाघाट या मोहल्ल्यांत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. याच नगरीत एकनाथांनी १५७३ मध्ये आपले भागवत पूर्ण केले. शेजारच्या बालाजीच्या देवळात बिस्मिल्ला खाँसाहेबांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. अशा या पुण्यश्रवण परिसरात मंगला गौरीच्या सन्निध आणखी एक देवता आहे. ती म्हणजे मयूखादित्य, किरणरूपी सूर्य.

काशीखंडातील कथा अशी आहे. सूर्याने येथे गभस्तीश्वर लिंगाची आणि मंगला गौरीची स्थापना करून घोर तप आरंभिले. त्या तपाच्या धगीने त्रैलोक्य होरपळू लागले. सूर्याचे शरीर दिसेनासे झाले, केवळ मयूख म्हणजे किरण तेवढे दिसत राहिले. त्याच्या अंगावरून निथळलेल्या घामाची किरणा नदी झाली आणि पंचगंगेच्या पाच प्रवाहांत तिची गणना झाली. काशीखंडात या कथेच्या आधीचा अध्याय आहे तो सांबादित्याचा. श्रीकृष्णाचा पुत्र सांब शापामुळे कुष्ठरोगी झाला, काशीस आला, येथे कुंड निर्माण करून त्याने सूर्याची उपासना केली आणि तो रोगमुक्त झाला, असे त्यात सांगितले आहे. सूर्य हा आरोग्याचा दाता आणि कुष्ठाचा हर्ता, ही श्रद्धा भारतभर पसरलेली आहे. काशीच्या सूर्यकुंडाशी ती विशेष जडली. त्या श्रद्धेच्या आधारे शतकानुशतके किती व्याधिग्रस्त माणसे काशीच्या वाटेला लागली असतील, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

पण काशीला आणखी एक वारसा आहे आणि तो श्रद्धेइतकाच जुना आहे. सुश्रुतसंहितेत शल्यविद्येचा जो उपदेश आहे, तो काशिराज दिवोदास धन्वंतरीने सुश्रुतादी शिष्यांना केला, अशी त्या ग्रंथाची मांडणी आहे. या संहितेच्या सूत्रस्थानात यंत्रांविषयी एक स्वतंत्र अध्याय आहे. यंत्रे एकूण १०१. त्यांत स्वस्तिक यंत्रे २४, संदंश २, ताल २, नाडी २०, शलाका २८ आणि उपयंत्रे २५. या गणनेत ग्रंथकाराने एक गोष्ट आवर्जून सांगितली आहे. सर्व यंत्रांमध्ये हात हे प्रधान यंत्र होय, कारण हातावाचून इतर कोणत्याही यंत्राचा उपयोग घडत नाही.

उपयंत्रांची यादी तर अधिकच उद्बोधक आहे. तीत दोरी आहे, पट्टा आहे, कातडे आहे, झाडाची अंतर्साल आहे, वेल आहे, वस्त्र आहे, दगड आहे, तळहात आणि तळपाय आहेत, बोट आणि नख आहे. म्हणजे ज्या वस्तू कोणत्याही घरात, कोणत्याही परसात हाताशी सापडतील, त्यांना या शास्त्राने वैद्याच्या आयुधांत स्थान दिले. लोहाराने घडविलेली शस्त्रे एका पंक्तीला आणि घरातली चिंधी, दोरी, दगड दुसऱ्या पंक्तीला. परंतु दोन्ही पंक्ती एकाच शास्त्राच्या.

आता प्रश्न असा की, ज्या माणसाचे प्रधान यंत्रच निकामी झाले, त्याने काय करावे? ‘आपला हात जगन्नाथ’ असे आपण सहज म्हणून जातो. पण पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्तीला हाताचे पंजे नाहीत, हे त्या वेळी ध्यानात येत नाही. ज्याचा हात आहे पण हाताला कळत नाही, बोटे आहेत पण वळत नाहीत, त्याने स्वतःची शुश्रूषा स्वतःच्या घरी कशी करावी? या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात भारतात शोधले गेले. ते शोधणाऱ्यांत कुष्ठरोग्यांची सेवा करणारे होते आणि स्वतः कुष्ठरोगीही होते. त्या शोधाचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. कारण त्यात पराक्रमाचे प्रसंग थोडे आणि परात, वजरी, तेल, वहाण यांचे उल्लेख फार.

कुष्ठ हा शब्द आयुर्वेदात अनेक त्वचारोगांना मिळून वापरलेला आहे. तथापि त्या वर्णनांत त्वचेचा बधिरपणा आणि बोटे झडणे ही लक्षणे येतात, आणि ती आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो त्याची ओळख पटविणारी आहेत. सुश्रुताने या व्याधीवर तुवरक नावाच्या वृक्षाचे तेल सांगितले आहे आणि हा वृक्ष पश्चिम समुद्राच्या तीरावर होतो असेही नमूद केले आहे. कोकणातला माणूस त्याच्या जातीच्या झाडाला कडू कवठ म्हणतो. काशीच्या परंपरेतील ग्रंथाने सांगितलेले औषध सह्याद्रीच्या पायथ्याशी पिकावे, हा योगायोग मोठा सुंदर आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे विख्यात धन्वंतरी डॉ. भाऊ दाजी लाड (१८२२–१८७४) यांनी याच कवठाच्या तेलाचा कुष्ठावर उपयोग केला. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या वर्गातील तेलांची टोचणी देशोदेशींच्या कुष्ठरुग्णालयांत चालू होती. या तेलाने काहींना उतार पडे, अनेकांना पडत नसे. परंतु त्याच्याहून उत्तम असे काही हाती नव्हते.

औषध दुबळे होते तेव्हा समाजाने एकच उपाय योजिला होता, तो म्हणजे दूर ठेवण्याचा. त्यात करुणाही होती. काशीत १८२६ मध्ये राजा कालीशंकर घोषाल यांनी निराधार अंधांसाठी आश्रयगृह उभारले. अपंगांच्या संघटित आश्रयाचा हा भारतातील फार जुना यत्न होय. मुंबईत १८९० मध्ये माटुंग्यास बेघर महारोग्यांसाठी रुग्णालय निघाले. ते उभारण्यात पुढाकार घेणारे महापालिकेचे आयुक्त हॅरी अ‍ॅक्वर्थ हे मराठी वाचकाला निराळ्या नात्यानेही ठाऊक आहेत. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने मराठी पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध करणारे गृहस्थ ते हेच. पण १८९८ मध्ये कुष्ठरोग्यांसंबंधी जो कायदा झाला, त्यात निराधार रुग्णाला पकडून आश्रमात डांबण्याची तरतूद होती. आश्रयगृहाची भिंत आत घेणारी होती, तशी बाहेर ठेवणारीही होती.

ही भिंत ओलांडण्याचे काम महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, मोठ्या निष्ठेने झाले. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे महारोगी सेवा मंडळाचे कार्य आरंभिले. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री हे रोगग्रस्त अवस्थेत सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्यांचे अंग चोळले. त्यांच्या निवासाची कुटी सेवाग्रामात आजही दाखविली जाते. अमरावतीजवळ डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन उभे राहिले. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापिली आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या माळावर विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. त्याच वर्षी वर्ध्यास गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे कार्य सुरू झाले आणि गावोगावी जाऊन रुग्ण शोधणे, त्याला घरीच ठेवून उपचार करणे, ही पद्धत रुजू लागली. सल्फोन वर्गातील डॅप्सोन हे गोळीरूप औषध तोवर उपलब्ध झाले होते. म्हणजे उपचार आश्रमातून घरात आला.

परंतु उपचार घरात आला तेव्हा एक विचित्र अनुभव येऊ लागला. औषधाने रोगजंतू नाहीसे होत, त्वचेवरचे चट्टे विरत, तपासणीत रुग्ण बरा ठरे. आणि तरीही घरी गेल्यावर त्याच्या हातापायांना जखमा होत, त्या चिघळत, बोटे आखूड होत जात. लोक म्हणत, रोग आतून खातोच आहे. रुग्णालाही तसेच वाटे. बरे झाल्याचा दाखला एका हातात आणि झिजत चाललेली बोटे दुसऱ्या हातात, अशा स्थितीत त्या दाखल्यावर विश्वास कोणी ठेवावा?

या कोड्याची उकल तमिळनाडूत वेल्लोर येथे झाली. डॉ. पॉल ब्रँड हे १९१४ मध्ये दक्षिणेतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेले शल्यविशारद १९४६ मध्ये वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात आले. चेंगलपट्टूच्या कुष्ठरुग्णालयात त्यांनी वाकडी, निर्जीव झालेली बोटे पाहिली आणि चालणारा स्नायू न चालणाऱ्या बोटाला जोडण्याच्या शस्त्रक्रिया पुढे बसविल्या. पण त्याहून महत्त्वाचे काम निरीक्षणाचे होते. एकदा एका कोठाराचे गंजलेले कुलूप त्यांना उघडेना. एका रुग्ण मुलाने पुढे होऊन किल्ली सहज फिरविली. डॉक्टरांनी त्याचा हात पाहिला तो किल्लीच्या कडेने बोट हाडापर्यंत कापले गेले होते, आणि मुलाला त्याची वार्ताही नव्हती. आणखी काही रुग्णांची बोटे रातोरात कशी कमी होतात याचा छडा लावताना आढळले की, झोपेत उंदीर ती कुरतडतात आणि माणूस जागा होत नाही. तेव्हापासून घरी जाणाऱ्या रुग्णांना मांजरे पाळावयास देण्यात आली. वैद्यकाच्या इतिहासात मांजरीची गणना बहुधा प्रथमच उपयंत्रांत झाली असेल.

निष्कर्ष स्पष्ट होता. बोटे रोग खात नव्हता. रोगाने मज्जातंतू मारले होते आणि त्यामुळे वेदना नाहीशी झाली होती. वेदना नाही म्हणून जपणूक नाही, जपणूक नाही म्हणून जखम, आणि जखमेने बोटांचा नाश. आपण ज्या वेदनेचा तिटकारा करतो ती शरीराची राखणदार आहे. ती राखणदारीण निघून गेली की तिचे काम दुसऱ्या कोणाला तरी सांगावे लागते. हे काम डोळ्यांना, सवयीला आणि साधनांना सांगणे, हाच घरगुती उपचाराचा पाया झाला.

या उपचाराचा दिनक्रम पाहण्याजोगा आहे. बधिर हातापायांची त्वचा घामावाचून कोरडी पडते, तिला घट्टे व भेगा पडतात आणि भेगेतून जखम खोल जाते. म्हणून रोज अर्धा तास हात आणि पाय साध्या पाण्यात भिजवावयाचे. पाणी ऊन नको, कारण ते किती ऊन आहे हे हाताला सांगता येत नाही. मग ओल्या घट्ट्यांवरून वजरी किंवा खरबरीत दगड हलक्या हाताने फिरवावयाचा. पुसून कोरडे न करता लगेच खोबरेल किंवा गोडेतेल लावावयाचे, म्हणजे मुरलेला ओलावा आत राहतो. वाकलेली बोटे मांडीवर ठेवून दुसऱ्या हाताने सरळ करावयाची, नाहीतर सांधे तसेच आखडून बसतात. ज्याच्या पापण्या मिटत नाहीत त्याने दिवसातून अनेकदा जोर करून त्या मिटावयाच्या, आरशात पाहून डोळ्यांत लाली वा कचरा आहे का तपासावयाचे आणि रात्री डोळ्यांवर स्वच्छ फडके बांधावयाचे. शेवटी तळहात आणि तळपाय उजेडात धरून इंच न् इंच पाहावयाचे. तळपाय पाहता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावयाचा. कोठे लाली, कोठे ऊब, कोठे काटा, ते शोधावयाचे. या सगळ्याला लागणारी सामग्री म्हणजे एक परात, एक वजरी, वाटीभर तेल, एक आरसा आणि फडके. सुश्रुताच्या यादीतील वस्त्र आणि दगड येथे पुन्हा भेटतात, आणि तळहात व तळपाय हीदेखील.

परंतु ही सामग्री वापरणारा हातच दुबळा असतो, ही खरी अडचण. कोपरामागचा मज्जातंतू गेला की करंगळी आणि अनामिका पंज्यासारखी आत वळते. अंगठ्याचे बळ गेले की चिमूट साधत नाही. वजरी धरावयाची कशी? औषधाची गोळी पाकिटातून काढावयाची कशी? येथे हाताला अनुरूप साधन घडविण्याची विद्या सुरू होते. तिचा पहिला नियम असा की, बोटांना वळता येत नसेल तर वस्तूची मूठ जाड करावी. पळीच्या, सुरीच्या, चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळावे, लाकडी मूठ बसवावी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचे वेटोळे चढवावे. पकड रुंद झाली की दाब एका जागी न पडता सबंध तळव्यावर वाटला जातो, आणि जखम टळते. दुसरा नियम असा की, जेथे पकडच नाही तेथे पट्टा असावा. म्हणजे चमचा वा कंगवा तळव्याभोवतीच्या पट्ट्यात खोचला जातो. तिसरा नियम असा की, आग आणि हात यांच्यामध्ये अंतर असावे. जोडीला, आखडू पाहणाऱ्या बोटांसाठी नळीच्या अर्ध्या भागाची पन्हळीसारखी पट्टी आणि लोंबणारे पाऊल उचलून धरण्यासाठी नडगीपासून वहाणेपर्यंत ताणलेली रबरी दोरी, अशी साधनेही गावच्या दवाखान्यातच तयार होऊ लागली.

हा तिसरा नियम मराठी स्वयंपाकघरात फार मोलाचा आहे. आपल्याकडे गृहिणी चुलीवरचे पातेले पदराने उतरविते, तव्यावरची भाकरी बोटांनी उलटते, निखाऱ्यावरचे वांगे हाताने फिरविते. हे कौशल्य मानले जाते, आणि ते आहेही. पण त्या कौशल्यामागे बोटांच्या वेदनेचा सतत पहारा असतो. जिच्या बोटांवरचा पहारा उठला आहे तिला हीच सवय घातक होते. भाजलेले फोड तिला दुसऱ्या दिवशी दिसतात. तिला सांडशी हवी, लांब दांड्याचे उलथने हवे, जाड कापडाचे हातमोजे हवेत, धातूच्या पेल्याऐवजी कानाचा कप हवा. पुरुषांच्या बाबतीत विडीने हेच केले. बोटांच्या बेचक्यात विडी जळत येई आणि बेचके भाजे.

पायांची गोष्ट अधिक अवघड होती. बधिर पाऊल अनवाणी चालले की काटा रुततो आणि कळत नाही. खिळे मारलेली चप्पल घातली तर खिळाच रुततो. वेल्लोर आणि करिगिरी येथील कार्यकर्त्यांनी १९५० नंतरच्या दशकात सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचा तळ असलेली वहाण प्रचारात आणली. आतून मऊ, बाहेरून चिवट, टाचेमागे पट्टा आणि खिळ्यांना मज्जाव, अशी तिची रचना. या रबरात पावलाचा भार पसरतो आणि एकाच जागी दाब पडत नाही. ही वहाण पुढे देशातील सर्व कुष्ठरुग्णालयांत पोहोचली आणि तिने किती पाय वाचविले याची गणती नाही.

परंतु याच वहाणेने एक धडाही शिकविला. काळ्या रबराची ती ठरावीक घडणीची वहाण पायात दिसली की लोक दुरूनच ओळखू लागले की हा महारोगी. जी वहाण पाय वाचविण्यासाठी दिली, तीच लाज सांगणारी ठरली. अनेकांनी ती दवाखान्यात जाताना घातली आणि गावाच्या वेशीवर काढून ठेवली. बायकांनी तर ती घरातच कोपऱ्यात ठेवली. साधन शरीराला अनुरूप होते, समाजाला अनुरूप नव्हते. मग वहाणेचे रंग, पट्टे, घाट बाजारातल्या चपलेसारखे करण्याकडे लक्ष गेले. अपंगाच्या साधनाची परीक्षा दोन ठिकाणी होते, एक शरीरावर आणि दुसरी चारचौघांत. दुसऱ्या परीक्षेत नापास झालेले साधन पहिल्या परीक्षेत कितीही गुण मिळवो, ते खुंटीवरच राहते. जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडविलेला पाय जगभर गेला, तो याच कारणाने. तो पाय घालून मांडी घालता येई, अनवाणी शेतात उतरता येई, आणि तो पायासारखा दिसे.

पुणे जिल्ह्यात कुष्ठसेवा करणारे डॉ. जाल मेहता यांचे नाव अशाच एका साधनाशी जोडलेले आहे. इपॉक्सी राळेचे दोन भाग कणकेसारखे एकत्र मळावयाचे, तो गोळा पेल्याच्या, तव्याच्या किंवा खुरप्याच्या दांड्यावर थापावयाचा आणि रुग्णाने आपल्या वाकड्या हाताने तो दाबून धरावयाचा. थोड्याच वेळात तो टणक होतो आणि त्या मुठीवर त्याच हाताचा ठसा राहतो. बोटे किती आहेत, किती वळतात, अंगठा कोठवर येतो, याचे माप कोणी घेत नाही. हातच ते सांगतो. एरवी हाताने साधनाला शरण जावयाचे असते. येथे साधन हाताला शरण आले. शिवाय ही मूठ घरातल्याच भांड्याला बसते, त्यामुळे वेगळे भांडे, वेगळी पंगत असा भेद पडत नाही.

औषधाच्या पाकिटालाही साधनाचे रूप आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. भारतात तो ज्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला त्यांत वर्धा होता. या उपचारातील गोळ्या २८ दिवसांच्या पत्त्यात येतात. महिन्यातून एकदा घ्यावयाची मात्रा कार्यकर्त्यासमोर, बाकीच्या गोळ्या घरी, रोज एका घरातून. निरक्षर माणसालाही रिकामे घर पाहून आपण कोठे आहोत हे कळते. हे पाकीट दिनदर्शिका आहे आणि स्मरणपत्रही. सहा किंवा बारा महिन्यांत रोग जातो. आणि तरीही रोग गेला म्हणून मेलेला मज्जातंतू जागा होत नाही. गोळ्यांचे पाकीट संपते, वजरीचे काम संपत नाही.

येथेच या इतिहासातले खरे दुःख आहे. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारांत एकाहून खाली आले आणि निर्मूलनाची घोषणा झाली. घोषणेने आनंद झाला, पण लक्षही उडाले. त्यानंतरही भारतात दरसाल लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडत राहिले. आणि जे पूर्वीच बरे झाले होते ते आपल्या बधिर हातापायांसह उरलेले आयुष्य जगतच होते. घरी बसून, एकट्याने, आयुष्यभर, रोज अर्धा तास स्वतःच्या पायांकडे पाहत बसणे हे सोपे नाही. आजारी माणूस बरे होण्यासाठी कष्ट घेतो. बरे झालेल्या माणसाने आणखी बिघडू नये म्हणून कष्ट घ्यावयाचे, त्याला निराळे धैर्य लागते. इथिओपियात १९९० नंतरच्या दशकात रुग्णांनी आपापसात मंडळे स्थापून एकमेकांच्या जखमा पाहावयास सुरुवात केली आणि ही रीत भारतातही आली. भजनी मंडळासारखे आठवड्यातून एकदा जमावयाचे, पाय भिजवावयाचे, गप्पा मारावयाच्या. एकट्याला शिक्षा वाटणारी गोष्ट चौघांत नित्यनेम झाली.

कायद्याची भिंतही हळूहळू ढासळली. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने कुष्ठमुक्त व्यक्तींना दिव्यांगांच्या यादीत स्थान दिले. कुष्ठ हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये कायद्यातून काढले गेले. बधिर हाताच्या माणसाला आपले घर, आपले माणूस आणि आपली चूल राखण्याचा हक्क आहे, हे मान्य व्हावयास १२१ वर्षे लागली.

आणि ज्यांना समाजाने दूर ठेवले, त्यांचे ऋण आज समाजाच्या दारात येऊन उभे आहे. डॉ. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेत कार्व्हिल येथे गेले. तेथे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, मधुमेहाने बधिर झालेल्या पायाची कहाणी कुष्ठाने बधिर झालेल्या पायासारखीच आहे. मग कुष्ठरोग्यांच्या पायांवर सिद्ध झालेले उपाय मधुमेह्यांच्या पायांना लागू झाले. बधिरता तपासण्याचा नायलॉनचा बारीक धागा, व्रणाला विसावा देणारे प्लास्टर, मऊ तळाची वहाण, रोज आरशात तळवा पाहण्याची सवय, हे सारे त्या वाटेने आले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेह्यांची संख्या दहा कोटींहून अधिक ठरविली. त्यांच्यापैकी पाय वाचविण्यासाठी जो कोणी रात्री आरसा जमिनीवर ठेवतो, तो नकळत दत्तपूर, करिगिरी, कोंढवा येथल्या अनाम माणसांचा वारसा चालवितो. दृष्टी मंदावलेल्या मधुमेह्याला इन्शुलिनची मात्रा कानाने मोजता यावी म्हणून टिक् टिक् वाजणारी लेखणीसारखी सुई निघाली, ती याच विचाराची पुढची पायरी आहे. जे इंद्रिय झोपले त्याचे काम जागत्या इंद्रियाला द्यावे, हा तो विचार.

पंचगंगेच्या काठी परत आल्यावर या सगळ्याचे सार एका लहान वस्तूत दिसते. मंगला गौरीसमोर आरती होते. ज्योतीची धग हाताला लागू नये म्हणून आरतीच्या पात्राला लांब दांडा असतो. तो कोणी केव्हा जोडला हे इतिहासाला ठाऊक नाही. पण ज्याने जोडला त्याने आग आणि हात यांच्यामध्ये अंतर असावे, हा नियम ओळखला होता. त्या दांड्याला कोणी अपंगाचे साधन म्हणत नाही. राजा धरतो, पुजारी धरतो, परकरी पोर धरते. जाड मुठीची पळी आणि मऊ तळाची वहाण यांच्याकडेही लोक ज्या दिवशी त्याच नजरेने पाहतील, त्या दिवशी काशिराज दिवोदासाची यंत्रविद्या घरोघर पोहोचली असे म्हणावयास हरकत नाही.